नाशिकची फोटोसहल: द्राक्षबाग, मिसळ आणि वाईन तीन दिवसांत कशी बसवायची

मी नाशिकचाच, आणि गेली काही वर्षं दर हिवाळ्यात मुंबई-पुण्याकडच्या फोटो काढणाऱ्या मित्रमंडळींना घेऊन तीन दिवस फिरतो. फक्त वाईनरी बघायला नाही आणि फक्त खायलाही नाही, तर बाग, ताट आणि ग्लास या तिन्हीचे फोटो एका धाग्यात यावेत म्हणून. दरवेळी कुणी ना कुणी विचारतं की आम्ही आमचं आमचं जाऊन करू शकतो का, तर हो, आरामात करू शकता, पण थोडी मांडणी लागते, ती इथे सगळी लिहून ठेवतोय.

सगळ्यात आधी एक गोष्ट, बाकी सगळं त्यावरच उभं आहे. बहुतेक लोक सहल टेस्टिंगभोवती आखतात, म्हणजे अकराला वाईनरी, दोनला जेवण, चारला दुसरी वाईनरी. असं केलं की हातात उरतात ते भर उन्हातले सपाट फोटो आणि संध्याकाळी कॅमेरा उचलायचा कंटाळा. उलटं करा. आधी लाईट, मग घास, मग घोट. सकाळचे पहिले दोन तास आणि संध्याकाळचा शेवटचा तास कॅमेऱ्याचा, मधला वेळ खायचा आणि झोपायचा, आणि वाईन चाखायची ती फोटो झाल्यावर.

कधी जायचं

काढणीच्या दिवसांत, म्हणजे जानेवारी अर्ध्यावर आला की मार्चपर्यंत. युरोपात द्राक्षं सप्टेंबर-ऑक्टोबरला उतरतात, आपल्याकडे तसं नाही, आपल्याकडे वेलाची वर्षातून दोनदा छाटणी होते, एप्रिलच्या आसपास खरड छाटणी आणि पावसाळा सरल्यावर गोडी छाटणी, जिला सगळे ऑक्टोबर छाटणी म्हणतात. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर जो बहर येतो तो थंडीत पिकतो आणि नाशिकची कोरडी थंडी, समुद्रसपाटीपासून सहाशेएक मीटर उंची, दिवसा ऊन आणि रात्री गारठा, या सगळ्यामुळे द्राक्षात साखरही भरते आणि आंबटपणाही टिकतो. वाईनला दोन्ही लागतात. पांढऱ्या वाईनची द्राक्षं, म्हणजे शेनिन ब्लांक, सोव्हिन्यॉं ब्लांक, साधारण आधी उतरतात आणि शिराझ, कॅबर्ने अशी लाल नंतर. त्यामुळे फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा धरलात तर दोन्ही सापडण्याची शक्यता सगळ्यात जास्त.

वार पण बघा. शनिवार-रविवार अजिबात नको, गंगापूर रोडवर तेव्हा इतकी गर्दी असते की टेस्टिंगच्या टेबलाशी ट्रायपॉड उभा करायला जागा मिळत नाही. मी मंगळवार ते गुरुवार धरतो, आणि त्यातला बुधवार मुद्दाम, कारण बुधवारी गोदाघाटावर आठवडे बाजार भरतो. तो चुकवायचा नाही. मार्चमध्ये येणार असाल तर रंगपंचमीची तारीखही बघून ठेवा, नाशिकला पेशवेकाळापासूनच्या रहाडी आहेत, म्हणजे रंगाने भरलेले दगडी हौद, ते त्या दिवशी उघडतात आणि लोक त्यात उड्या मारतात. तो वेगळाच विषय आहे, पण कॅमेरा प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून उभं राहायची तयारी असेल तर एक दिवस वाढवा.

मुंबईहून साधारण १७० किलोमीटर, पुण्याहून २१० च्या आसपास. ट्रेनने आलात तर स्टेशन नाशिकरोडला आहे, गावापासून नऊ-दहा किलोमीटर, तिथून पुढे तीन दिवसांसाठी ड्रायव्हरसकट गाडी ठरवा. ड्रायव्हरसकट का ते पुढे सांगतो.

बागेत शिरायचं कसं

वाईनरीत रोज टूर असतात, पण त्या टूरमध्ये तुम्हाला टाक्या, बॅरल आणि टेस्टिंग रूम दाखवतात, काढणी चालू असलेल्या बागेत सहसा नेत नाहीत. आणि खरे फोटो तर तिथे आहेत. त्यासाठी दोन रस्ते. एक, वाईनरीला महिनाभर आधी मेल टाका, किती जण, कोणत्या तारखा, फोटो कशासाठी, विकणार की नाही, सगळं स्पष्ट लिहा आणि उत्तर लेखी मागून घ्या. एकदा एका ठिकाणी फोनवर हो म्हणाले होते आणि आम्ही आठ जण पहाटे साडेसहाला गेटवर पोचलो तर सिक्युरिटीवाल्याकडे आमचं नावच नव्हतं, ज्यांच्याशी बोललो ते सुट्टीवर, सूर्य डोक्यावर आला तरी आम्ही बाहेरच. तेव्हापासून लेखी असल्याशिवाय मी कुणाला पहाटे उठवत नाही.

दुसरा रस्ता मला जास्त आवडतो, तो म्हणजे शेतकऱ्याकडून जाणं. वाईनऱ्या सगळी द्राक्षं स्वतः पिकवत नाहीत, बरीच करारावर आसपासच्या बागाईतदारांकडून घेतात. दिंडोरी, मोहाडी, निफाड, पिंपळगाव या पट्ट्यात कुणाच्या ना कुणाच्या ओळखीचा बागाईतदार निघतोच. त्यांना आदल्या संध्याकाळी फोन करून विचारायचं, उद्या माल तोडताय का. साखर किती भरली त्यावर तारीख ठरते, ब्रिक्स, म्हणजे रसातल्या साखरेचं माप, तपासतात, त्यासाठी एक छोटी नळी असते, त्यात रसाचा थेंब टाकून उजेडाकडे धरून डोळा लावतात, हा फोटो नक्की घ्या, शेतकरी नळीतून उजेडाकडे बघतोय आणि मागे रांगा. त्यामुळे तारीख मागेपुढे होते, हट्ट धरू नका.

आणखी एक, खायच्या द्राक्षाची बाग आणि वाईनच्या द्राक्षाची बाग दिसायला वेगळी असते, हे माहीत असेल तर लेन्स आधीच ठरवता येते. खायची द्राक्षं, थॉमसन, सोनाका वगैरे, मांडवावर किंवा वायच्या आकाराच्या अँगलवर असतात, वर पानांचं छत, खाली घड लोंबतायत, आत हिरवट सावली. तिथे वाईड लेन्स घेऊन खाली बसायचं आणि वर बघायचं, आणि हिरव्या उजेडामुळे माणसांचे चेहरे आजारी दिसतात म्हणून व्हाईट बॅलन्स हाताने सेट करायचा. वाईनची द्राक्षं बहुतेक ठिकाणी उभ्या तारांवर चढवलेली, भिंतीसारख्या रांगा, घड लहान, मणी बारीक आणि घट्ट चिकटलेले, आणि गुडघ्याच्या थोडं वर. तिथे ८५ किंवा १३५ मिलिमीटरची लेन्स, रांगेच्या तोंडाशी उभं राहून, म्हणजे रांगा एकमेकांत दाबल्यासारख्या येतात.

काढणी पहाटेच सुरू होते, कारण घड गार असतानाच वाईनरीत पोचायला हवेत, नाहीतर वाटेतच आंबायला लागतात. सूर्य फेब्रुवारीत सात-सव्वासातला उगवतो, तुम्ही साडेसहाला बांधावर असा. निफाडकडे थंडीच्या दिवसांत पारा फार खाली उतरतो, तेव्हा कानटोपी आणि बोटं उघडी असलेले हातमोजे लागतातच. पायात बूट, दव पडलेलं असतं आणि ठिबकच्या नळ्यांत पाय अडकतो.

मागच्या फेब्रुवारीतली एक सकाळ सांगतो. पेठ-सुरगाण्याकडची तोडणी मजुरांची टोळी होती, वीसेक बायका-माणसं, एक मुकादम. एक ताई माझ्यापासून चार हातांवर घड तोडत होती, डाव्या हाताचा तळवा घडाखाली धरायचा, उजव्या हातातली छोटी कात्री देठाशी न्यायची, कट्ट, घड तळव्यात, एक नजर, सडका मणी असेल तर कात्रीच्या टोकाने उडवायचा, मग क्रेटमध्ये, टाकायचा नाही, ठेवायचा. हे सगळं तीन सेकंदांत. बोटं रसाने काळपट आणि चिकट, त्यावर धूळ बसलेली, आणि मधमाश्या हातावर फिरतायत तरी हात थांबत नाही. मी आधी वाईड लेन्सने अख्खी रांग काढत बसलो होतो आणि मग लक्षात आलं की सगळी गोष्ट त्या तळव्यात आहे. शटर एक हजारांश सेकंदावर नेलं, फोकस कात्रीवर लॉक केला, सूर्य तिच्या मागून येत होता, तोडलेल्या देठातून रसाचा एक थेंब सुटला तो त्या उजेडात चमकला. तो एकच फोटो मी त्या वर्षीचा धरतो.

टोळीतल्या माणसांना विचारल्याशिवाय फोटो काढू नका, आणि आधी मुकादमाला विचारा, मग त्या माणसाला. त्यांचं काम मापावर किंवा दिवसाच्या मजुरीवर असतं, तुम्ही पोज द्यायला थांबवलंत तर त्यांचा तोटा होतो. थांबवायचं नाहीच, आपण त्यांच्या वेगाने चालायचं. कुणी नको म्हटलं तर कॅमेरा खाली.

आणि दहाच्या सुमारास न्याहारीला बसतात तेव्हा लगेच निघून जाऊ नका. वेलाच्या सावलीत फडकी सुटतात, नागलीची भाकरी, त्यावर लाल मिरचीची चटणी नाहीतर ठेचा, कुणाकडे उडदाची आमटी. नाचणीला आमच्याकडे नागली म्हणतात. ती काळसर तांबूस भाकरी, मागे क्रेटमधली हिरवी द्राक्षं. प्रादेशिक जेवण म्हणून लोक हॉटेलची थाळी शोधत फिरतात, पण ज्या बागेतून वाईन येते त्या बागेतलं जेवण हे आहे, ते तुमच्या फोटोंत नसेल तर सहल अर्धी. तुम्हाला घास देतीलच, घ्या, आणि तुम्ही पण काहीतरी नेलेलं असू द्या, आम्ही चिवडा आणि केळी नेतो.

मिसळ: दोन मिनिटांचा खेळ

बागेतून थेट मिसळीला. नाशिकमध्ये मिसळ ही सकाळची गोष्ट आहे आणि ठिकाणं इतकी की प्रत्येक घरात वेगळं मत. पंचवटीत काळ्या रश्श्याची मिळते, गंगापूर रोडच्या बाजूला चुलीवरची मिळते, साधना सगळ्यांना माहीत आहे, आणि द्राक्षबागेत टेबलं टाकून मिसळ देणारी पण ठिकाणं झालीत. फोटोसाठी मी चुलीवरची निवडतो, कारण धूर, जाळ, काळं पडलेलं पातेलं सगळं एकाच जागी मिळतं.

पण ताटाचं गणित समजून घ्या. मिसळ आली की घड्याळ सुरू होतं. मटकीवर फरसाण-शेव, वर कांदा-कोथिंबीर, बाजूला रस्सा, तर्री, पापड, दही, पाव. रस्सा ओतल्यापासून शेव मऊ पडायला दोन मिनिटं पुरेत आणि तर्रीचा तो लाल तवंग थंड झाला की मेण चढल्यासारखा दिसतो. म्हणून ताट यायच्या आधी सगळं तयार पाहिजे. खिडकीजवळचं किंवा पडवीच्या कडेचं टेबल धरा, ऊन थेट ताटावर नको, बाजूने किंवा मागून येणारा मऊ उजेड पाहिजे. एक रिकामी वाटी ठेवून त्यावर एक्स्पोजर आणि फोकस बघून घ्या. वरची ट्यूबलाईट बंद करायला विनंती करा, हॉटेलवाले करतात, नाहीतर अर्धं ताट निळं आणि अर्धं पिवळं येतं.

पहिला शॉट कोरडा, रस्सा न घालता, वरून सरळ. दुसरा शॉट रस्सा ओततानाचा, यात समोरचा मित्र ओततो आणि तुम्ही ताटाच्या पातळीला खाली येता, उजेड मागून, पार्श्वभूमी काळी किंवा गडद, म्हणजे वाफ दिसते. उजळ भिंतीपुढे वाफ कधीच दिसत नाही, कितीही गरम असू दे. तर्री चमकते म्हणून कॅमेरा फसतो, एक्स्पोजर पाऊण स्टॉप कमी ठेवा, लाल रंग फाटला, म्हणजे त्यातले बारकावे उडाले, की नंतर सुधारता येत नाही. तिसरा शॉट लिंबू पिळतानाच्या हाताचा. झालं. तीन शॉट, मग कॅमेरा पिशवीत आणि खायला सुरुवात, कारण थंड मिसळ खाणं हा त्या आचाऱ्याचा अपमान आहे.

मोबाईलवाल्यांना एक सांगणं, तेलकट बोटाने लेन्सला हात लागतो आणि मग दिवसभर सगळे फोटो धुरकट येतात, रुमालाने नाही, चष्म्याच्या कापडाने पुसा. आणि अल्ट्रावाईडने ताट काढू नका, वाट्या लांबट होतात, दुप्पट झूमवर थोडं मागे सरकून काढा.

दुपार

अकरा ते साडेतीन, झोपा. खरंच. ऊन कडक असतं, सावल्या काळ्या पडतात. ज्यांना झोप नाही त्यांनी भांडी बाजार, सराफ बाजार, भद्रकाली करावं, गल्ल्या अरुंद असल्यामुळे दुपारीही सावलीचा उजेड मिळतो, तांब्या-पितळेच्या भांड्यांवरून उडालेला पिवळा उजेड दुकानदाराच्या चेहऱ्यावर येतो तो फार छान लागतो. वाटेत सायंतारामधला साबुदाणा वडा, बुधा हलवायाची जिलबी, घरी न्यायला कोंडाजीचा चिवडा. जिलबी दोनशे ग्रॅम जास्त घ्या, संध्याकाळी लागणार आहे.

वाईनरी आणि ग्लासचा फोटो

गावाच्या पश्चिमेला गंगापूर धरणाच्या बाजूला जवळजवळ वाईनऱ्या आहेत, सुला, यॉर्क, सोमा, सगळ्या एकाच रस्त्याच्या आसपास. सुलाची पहिली वाईन २००० साली आली आणि पुढच्याच वर्षी, २००१ ला, राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रियेचं धोरण आणलं, विंचूरला वाईन पार्क झालं, तिथून हे सगळं वाढत गेलं. एका संध्याकाळी एकच वाईनरी करा, दोन नाही. धरणाच्या पाण्याकडे तोंड असलेली टेरेस मिळाली तर उत्तम, सूर्य पश्चिमेला त्याच बाजूला उतरतो.

साडेतीनला पोचा, आधी आतला भाग. काढणीच्या दिवसांत क्रेट उतरतात, घड पट्ट्यावरून जातात, देठ वेगळे होतात, रस टाकीत. एका बाटलीला किलोभरापेक्षा थोडी जास्तच द्राक्षं लागतात, म्हणून एका क्रेटचा फोटो आणि त्यातून होणाऱ्या बाटल्यांचा फोटो शेजारी ठेवला की बघणाऱ्याला न सांगता कळतं. स्टीलच्या टाक्यांत सगळं प्रतिबिंब उमटतं, तुमच्या लाल जॅकेटसकट, म्हणून त्या दिवशी काळा किंवा गडद शर्ट घाला, ग्लासच्या फोटोलाही तोच उपयोगी पडतो. टाकीघर गार असतं आणि बाहेर ऊन, बाहेर आल्यावर लेन्सवर वाफ धरते, कॅमेरा दहा मिनिटं बॅगेतच राहू द्या. आणि आंबणाऱ्या टाकीच्या तोंडात वाकून फोटो काढायचा प्रयत्न कुणीही करू नका, तिथे कार्बन डायऑक्साईड साचलेला असतो, भोवळ येऊन माणूस आत पडतो. कर्मचारी सांगतील तिथेच उभं राहायचं.

बॅरलच्या खोलीत फ्लॅश नको. आयएसओ वाढवा, कॅमेरा एखाद्या बॅरलला टेकवा, दार अर्धं उघडं ठेवायला सांगा आणि तेवढ्या एका पट्ट्यावर फोटो काढा.

आता ग्लास. लाल वाईनचा फोटो सगळ्यांचा काळा येतो, शाईसारखा. कारण ग्लास जास्त भरलेला असतो आणि उजेड पुढून असतो. एक तृतीयांशच ओता, ग्लास उजेड आणि तुमच्या मधे येईल असा ठेवा आणि ग्लासच्या मागे, कॅमेऱ्याला दिसणार नाही असा, पांढऱ्या कागदाचा एक तुकडा टेकवा, तो उजेड परत वाईनमधून पाठवतो. लगेच डाळिंबासारखा रंग उघडतो. पांढऱ्या वाईनला उलटं, ती पांढऱ्यावर हरवते, तिला मागे पानं किंवा गडद लाकूड द्या, आणि ग्लासच्या दोन्ही बाजूंना फ्रेमच्या बाहेर काळा कार्ड किंवा काळा मोबाईल कव्हर उभं करा, ग्लासची कड रेघेसारखी उठून दिसते. ग्लास आधी सुती कापडाने पुसा, बोटांचे ठसे फोटोत दहापट दिसतात. आणि गार वाईनमुळे ग्लासवर जो दवाचा थर येतो तो पहिल्या मिनिटात सुंदर असतो, नंतर ओघळतो, म्हणजे इथेही मिसळीसारखंच, तयारी आधी आणि ओतणं शेवटी.

धरल्यावर हातात ग्लासची दांडी दिसू द्या, वाटी नाही. वाटी धरली की वाईन गरम होते आणि फोटोत अर्धी वाईन बोटांमागे जाते.

सूर्य बुडायच्या आधी वीस मिनिटं आणि नंतर वीस मिनिटं एवढंच टेरेसवर काढायचं. सूर्यास्तानंतरचा निळा उजेड आणि टेबलावरचा पिवळा दिवा दोन्ही समान होतात तो क्षण जेमतेम सात-आठ मिनिटांचा, त्याच्यासाठी थांबा, बहुतेक लोक सूर्य गेला की कॅमेरा बंद करतात.

मग चाखायचं, आणि आपल्या खाण्याशी

इथे मला फार मनापासून सांगायचंय. आपल्याकडे वाईनबरोबर चीजचा ट्रे मागवतात आणि तिखट पदार्थ बाजूला ठेवतात, हे नाशिकला येऊन करू नका. फक्त एवढं लक्षात ठेवा की मिरचीबरोबर कडक, तुरट लाल वाईन घेतली की तोंड आणखी पेटतं. तिखटाला थोडी गोडसर आणि गार पांढरी पाहिजे, म्हणून शेनिन ब्लांक आणि शेवभाजी, किंवा शेनिन आणि वांग्याचं भरीत. साबुदाणा वडा, कोथिंबीर वडी, भजी अशा तळणीला बुडबुड्यांची स्पार्कलिंग, तेलकटपणा धुतला जातो. सोव्हिन्यॉं ब्लांकला हिरवटपणा असतो, तो हिरव्या मिरचीच्या ठेच्याबरोबर नाही पण काकडीची कोशिंबीर, पुदिन्याची चटणी यांच्याशी छान जमतो. शिराझ ठेवायची ती काळ्या मसाल्याच्या मटणासाठी, मटण मात्र फार झणझणीत नको, वाटणात सुकं खोबरं आणि भाजलेला कांदा पुढे असावा. आणि दुपारी घेतलेली जिलबी आता काढा, लेट हार्वेस्ट, म्हणजे उशिरा तोडलेल्या द्राक्षांच्या गोड, शेनिनच्या छोट्या ग्लासबरोबर.

लाल वाईन रूम टेंपरेचरला प्यायची असं वाचलेलं असतं, पण ती खोली थंड देशातली. मार्चमधल्या नाशिकच्या खोलीत तीस अंश असतात. लाल बाटलीपण वीस मिनिटं फ्रिजमध्ये ठेवून मग उघडा.

टेस्टिंगला थुंकायचं भांडं मागितलंत तर कुणी काही म्हणत नाही, ज्यांना दुसऱ्या दिवशी पहाटे उठायचंय त्यांनी जरूर वापरा. आणि आता ड्रायव्हरचं, रक्तात शंभर मिलिलिटरला तीस मिलिग्रॅम ही कायद्याची मर्यादा आहे, चार टेस्टिंगमध्ये ती कधी ओलांडली कळत नाही, गंगापूर रोडवर अंधार असतो आणि बैलगाड्या-ट्रॅक्टर बिनदिव्याचे असतात. जो चाखणार तो गाडी चालवणार नाही, हा आमच्या ग्रुपचा नियम आहे आणि त्यावर चर्चा होत नाही. ड्राय डेही आधी बघून ठेवा, निवडणूक असेल तर खास करून.

बुधवार सकाळ गंगेवर

नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात, "गंगेवर जातो" म्हणजे घाटावर. उजाडताना रामकुंडापाशी पोचा, स्नानाला आलेली माणसं, पाण्यावरची वाफ, दिवे. मग नारोशंकराच्या देवळाकडे, ती मोठी घंटा, आणि काळाराम मंदिर, जिथे १९३० साली बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली प्रवेशासाठी सत्याग्रह झाला. घाटावर विधी चालू असतात, पिंडदान, अस्थिविसर्जन, अशा माणसांचे जवळून फोटो काढू नका, त्यांच्या घरात कुणीतरी गेलेलं असतं. वाईनच्या बाटल्या, ग्लास असलं काही तिथे बॅगेतून बाहेर काढू नका, फोटोसाठी तर मुळीच नाही. २०२७ च्या सिंहस्थासाठी घाटांवर कामं चालू असतात, एखादी बाजू बंद मिळू शकते, आदल्या दिवशी एक चक्कर मारून या.

नंतर बुधवारचा बाजार. पालं लागतात तेव्हा आठ-साडेआठचं ऊन पांढऱ्या-निळ्या कापडातून गाळून येतं, फुकटचा सॉफ्टबॉक्स. मिरच्यांचे ढीग, मेथीच्या जुड्या, लसणाच्या माळा, सुकी मासळी, गावठी वांगी. काहीतरी विकत घ्या, मग फोटो विचारा. ५० ची लेन्स पुरते.

ड्रोन घरी ठेवा. एका बाजूला देवळालीची लष्करी छावणी, दुसऱ्या बाजूला ओझरचा विमानतळ, परवानगीच्या भानगडीत अख्खी सहल जाते.

तिसरा दिवस मोकळा ठेवतो. परत मुंबईला जाणाऱ्यांनी इगतपुरीच्या बाजूने जावं, सांजेगाव, मुकणे धरणाचं पाणी, तिथेही वाईनऱ्या आहेत, व्हॅलोने, ग्रोव्हर झाम्पा, आणि मागे सह्याद्रीचे सुळके. तिथला उजेड सकाळी नऊपर्यंत चांगला. ज्यांना पक्षी आवडतात त्यांनी उलट दिशेला नांदूरमध्यमेश्वर करावं, महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, थंडीत बदकांनी भरलेलं असतं.

घरी गेल्यावर

निवडताना बाग, ताट, ग्लास असे वेगळे फोल्डर करू नका. मी तीन-तीनची जोडी लावतो: रसाने काळे पडलेले हात, भाकरी धरलेले हात, ग्लासची दांडी धरलेले हात. किंवा तर्रीचा लाल, शिराझचा लाल, बाजारातल्या मिरचीचा लाल. पंधरा फोटो झाले की थांबायचं. रंग सारखे करण्याच्या नादात मिसळ नारिंगी आणि वाईन गुलाबी करू नका, ज्या पांढऱ्या कागदाने ग्लासला उजेड दिला त्याचाच एक फोटो काढून ठेवलेला असतो, त्यावरून बॅलन्स धरा.

आणि प्रिंट. पाच बाय सातचे, मॅट, माणशी एक, बागेतल्या ज्यांचे ज्यांचे फोटो काढले त्या सगळ्यांचे. व्हॉट्सॲपवर पाठवून भागत नाही, टोळीतल्या बऱ्याच जणांच्या घरात स्वतःचा कागदावरचा फोटो एकही नसतो. शेतकऱ्याच्या पत्त्यावर कुरिअर करता येतं, मी जमेल तसा स्वतः नेऊन देतो. मागच्या वर्षी त्या ताईला तिच्या तळव्याचा फोटो दिला, तिने बराच वेळ बघितला आणि म्हणाली, हात आलाय, मी कुठंय? दुसरा फोटो होताच, चेहऱ्याचा, न्याहारीला हसताना काढलेला, तो तिने पदराला पुसून पिशवीत ठेवला. मुकादम शेजारी उभा होता, तो म्हणाला, आता ऑक्टोबरात छाटणीला या, तेव्हा वेलावर एक पान नसतं, काड्याच काड्या, तेव्हा माणसं नीट दिसतात.

ऑक्टोबरचा दुसरा आठवडा धरलाय.